‘द’ मध्ये अडकलेल्या ८३ डीव्हीडी

वाचनालयातल्या डीव्हीडींच्या यादीचं काम संपून दोन महिने झाले, तरी यादीच्या संगणक प्रणालीच्या सपोर्टवाल्यांचा नंबर दिसला की अजून माझं डोकं तापतं. निदान दुसऱ्या एखाद्या वाचनालयाचे दिवस वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

मालवण तालुक्यातलं आमचं गावचं वाचनालय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे संध्याकाळी बसते. मुंबईहून कायमचे गावी परतलेल्या एका चाकरमान्यांनी आपला सगळा संग्रह दिला: सिनेमांच्या डीव्हीडी, कीर्तन-प्रवचनांच्या सीडी, मिळून सातशेच्या आसपास. पुसणं, नंबर घालणं, एक्सेलमध्ये नावं भरणं एका पावसाळ्यात उरकलं. ती फाईल ठेकेदाराच्या माणसाने प्रणालीत चढवली, आम्ही यादी छापली आणि कपाटंही त्याच क्रमाने लावली.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आले. “बाईनू, बर्निंग ट्रेन आसा काय?” मी ‘ब’ पाहिला. नव्हती. नाही म्हणून सांगितलं, ते पावसातून परत गेले. दोन दिवसांनी धूळ झटकताना तीच डीव्हीडी हातात आली, ‘द’च्या कप्प्यात. ‘द बर्निंग ट्रेन’. त्याच कप्प्यात ‘द’ किंवा ‘दि’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या एकूण ८३ डीव्हीडी कोंबलेल्या. ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ तशीच ‘अ’मध्ये. नाव कुणी ‘द’पासून आठवत नाही हो! शोधचौकटीत टाईप केलं तर सापडतं, हे खरं. पण आमच्याकडे पावसात वीज जाते, आणि लोक छापलेली यादीच चाळतात.

सपोर्टला फोन केला. “मॅडम, सिस्टीम अल्फाबेटिकलीच लावते.” तक्रार नोंदवली, तिसऱ्या दिवशी ‘तिकीट क्लोज’ असा मेसेज. पुन्हा नोंदवली, पुन्हा क्लोज. माझ्याशी बोलल्याशिवाय ते कुणी बंद करत होतं, कळायला मार्ग नाही. तिसऱ्या वेळी मी स्पष्ट सांगितलं: इंग्रजीतलं उपपद, म्हणजे ‘द’, ‘ए’, ‘ॲन’, क्रम लावताना सोडायचं असतं, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या यादी करण्याच्या नियमांतही सुरुवातीचं उपपद गाळायला सांगितलं आहे. त्यावर पलीकडून “करतो मॅडम” आलं, आणि त्यांनी जे केलं त्याने माझे आणखी दहा दिवस गेले.

त्यांनी सगळ्या भाषांच्या उपपदांची तयार यादी चालू केली. जर्मन ‘दास’ आणि ‘डी’, फ्रेंच ‘ला’, सगळी. आमच्याकडे दासबोधाची प्रवचनं आहेत. सीडीवर नाव रोमन लिपीत, ‘दास’ आणि ‘बोध’ असं तोडून छापलेलं. यंत्राने ‘दास’ हे जर्मन उपपद समजून समर्थांचा ग्रंथ ‘बी’मध्ये नेऊन टाकला! ‘डाय हार्ड’ गेला ‘एच’मध्ये, कारण इंग्रजी ‘डाय’ आणि जर्मन ‘डी’ यांचं स्पेलिंग एकच. यंत्राला शब्दाची भाषा कळत नाही, म्हणून ती स्वयंचलित यादी कुणी सुचवली तर पहिल्या फोनलाच नाही म्हणा. मी ती बंद करून घेतली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

वाट दाखवली ती रत्नागिरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी, दहा मिनिटांच्या फोनवर. आमची प्रणाली मार्क पद्धतीची, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी ठरावीक क्रमांकांच्या रकान्यांत भरायची पद्धत. तीत शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात असतं, आणि त्याच्या दुसऱ्या निर्देशकात, म्हणजे रकान्याला जोडलेल्या एका आकडी खुणेच्या जागेत, ० ते ९ पैकी एक आकडा घालायचा असतो: क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची. आमच्या सगळ्या नोंदींना शून्य होतं. एवढंच! तीन आठवडे कुणी हे सांगितलं नाही.

रोमनमध्ये ‘द’ची तीन अक्षरं आणि मागची मोकळी जागा, म्हणून ४. ‘ए’ला २, ‘ॲन’ला ३. मोकळी जागा मोजायला विसरू नका. मी पहिल्या वीस नोंदींत विसरले आणि त्या परत केल्या. देवनागरीत ‘द’ला २, पण ‘दि’ला ३, कारण वेलांटी यंत्र वेगळी मोजतं. सगळ्यात छळलं ‘ॲन’ने. कुणी ते एका कळीने ‘ॲ’ असं टाईप केलेलं, कुणी ‘अ’ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्याला ३ लागतात, दुसऱ्याला ४. चुकलं की नाव ‘इ’मध्ये न जाता भलतीकडेच जातं. एक्सेल भरण्याआधीच ठरवा, सगळ्यांनी एकाच तऱ्हेने टाईप करायचं. आणि मूळ नावातून उपपद खोडू नका. नाव पूर्ण दिसायलाच हवं, फक्त जागा बदलायची.

मराठीतल्या ‘एक’ला मात्र हात लावायचा नाही. ‘एक डाव भुताचा’ मागणारा माणूस ‘एक’च म्हणतो. आमच्या समितीतल्या एकांनी ‘डा’चा आग्रह धरला होता, मी ऐकलं नाही, आणि त्याचं मला समाधान आहे.

मधेच आठवलं: डिस्कच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. आमच्या दमट हवेत कव्हरांना बुरशी धरते, आणि क्रम लावायला काढाल तेव्हाच ती पुसून घ्या.

८३ नोंदी दोन संध्याकाळी झाल्या. आजोबांना निरोप पाठवला, ते येऊन डीव्हीडी घेऊन गेले. आता ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ राहिलेत. ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवलं, आणि प्रणाली ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये घालते, कारण तिच्या लेखी तो ‘ज’, हलंत (पाय मोडण्याची खूण) आणि ‘ञ’. त्याची तक्रार मी मंगळवारी नोंदवली आहे. अजून क्लोज झालेली नाही.