सांध्यावर अडलेली उष्णता

रात्री साडेअकरा. दिवसभर घोळत असलेलं गणित शेवटी कागदावर उतरवलं. उत्तर 17 आलं. तीनदा तपासलं, 17च.

कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बन अणूंच्या जाळीच्या अतिसूक्ष्म पोकळ नळीचं, मला पहिल्यापासून वेड. तांब्यात उष्णता नेतात ते मुख्यतः इलेक्ट्रॉन. या नळीत ते काम अणूंची कंपनं करतात, म्हणजे फोनॉन. कार्बनचा अणू हलका आणि शेजाऱ्याशी बंध कमालीचा ताठ, त्यामुळे इकडे बसलेला हिसका तिकडे लगेच पोचतो. जाळी निर्दोष असेल तर फोनॉन शेकडो नॅनोमीटर कुठेही न धडकता जातात. 2001 साली एका सुट्या, अनेक भिंतींच्या नळीवर मोजमाप झालं, तेव्हा खोलीच्या तापमानाला वाहकता 3000 वॅट प्रति मीटर केल्विनच्या वर निघाली. तांब्याची सुमारे 400! मग चिमूटभर नळ्या प्लास्टिकात कालवल्या की प्लास्टिकही उष्णता झकास नेईल, असं मलाही वाटायचं.

घोडं अडतं ते नळीच्या पृष्ठभागावर, उष्णता नळीतून बाहेर पडते त्या सीमेवर. पाण्यात विखुरलेल्या एकभिंती नळ्यांवर 2003 मध्ये मोजलेला आकडा आहे: सीमा ओलांडून जाते ती उष्णता दर चौरस मीटरला, दर केल्विनमागे साधारण 1 कोटी 20 लाख वॅट. ऐकायला प्रचंड. पण प्लास्टिकातही हाच आकडा मानून आणि प्लास्टिकची वाहकता 0.2 धरून भागाकार केला, तर ही सीमा 17 नॅनोमीटर जाड प्लास्टिकच्या थराइतकी अडवते. नळी स्वतः जेमतेम 1 नॅनोमीटरची! म्हणजे प्रत्येक नळी आपल्याहून कितीतरी जाड गोधडी पांघरून बसलेली.

कारणही पटण्यासारखं आहे. नळीतली बहुतेक कंपनं इतकी जलद, की भोवतालच्या सैल रेणूंना त्या तालावर हलताच येत नाही. पलीकडे पोचतात ती मुख्यतः नळीची संथ, वाकणारी कंपनं.

म्हणून 3000 हा आकडा सुट्या नळीचा आहे, हे सांगितल्याशिवाय तो कुणी मिरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

नळीला रासायनिक बंधांनी प्लास्टिकशी जोडता येतं. सीमा सोपी होते. पण प्रत्येक बंध म्हणजे जाळीत एक खोट, आणि त्या खोटीवर आतले फोनॉन विखुरतात. किती बंधांपर्यंत हा व्यवहार फायद्याचा? नळी लांब असेल तर ती मर्यादा कुठे सरकते? वहीत नवं पान काढून दोन समीकरणं मांडून ठेवली आहेत. उद्या सकाळी आधी तीच.