पुरावा कायदा लिहिणारा माणूस : जेम्स फिट्झजेम्स स्टीफन

१ जुलै २०२४ पासून कोर्टात ‘पुरावा कायदा’ जाऊन ‘साक्ष्य अधिनियम’ आला. कलमं १६७ ची १७० झाली, क्रमांक हलले. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, सांगाडा तोच आहे. अन्यत्र असल्याच्या बचावाचं उदाहरण बघा. जुन्या कलम ११ मध्ये गुन्हा कलकत्त्यात आणि आरोपी त्या दिवशी लाहोरला होता. नव्या कलम ९ मध्ये गुन्हा चेन्नईत आणि आरोपी लडाखमध्ये. गावं बदलली, वाक्य तेच. हे वाक्य ज्यानं घडवलं त्या स्टीफनची ओळख लॉच्या पहिल्या वर्षानंतरही राहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

जन्म १८२९, लंडन. ईटन, किंग्ज कॉलेज, मग केंब्रिजचं ट्रिनिटी. १८५४ मध्ये इनर टेंपल या लंडनमधल्या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर. वकिली बेताचीच चालली, नाव झालं ते नियतकालिकांतल्या लेखनानं आणि इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावर १८६३ साली काढलेल्या पुस्तकानं. १८६९ च्या अखेरीस हेन्री मेनच्या जागी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून ते कलकत्त्याला आले आणि १८७२ च्या वसंतात परत गेले. एवढ्या अडीच वर्षांत पुरावा कायदा, करार कायदा आणि नवी फौजदारी प्रक्रिया संहिता मंजूर झाली. यातलं पुरावा कायद्याचं काम खास त्यांचं. १८६८ चा आधीचा मसुदा इथल्या परिस्थितीला जुळत नाही म्हणून बाजूला पडला होता, आणि स्टीफननी मांडणी मुळापासून केली.

अडचण खरी होती. मुंबई, कलकत्ता, मद्रास शहरांत इंग्रजी नियम चालत, ते शेकडो निकालांत विखुरलेले. जिल्ह्यांत खटले चालवणारे बरेचसे अधिकारी वकील नव्हतेच. त्यांना हातात धरून वापरता येईल असं पुस्तक हवं होतं. म्हणून तीन भाग : कोणत्या गोष्टी शाबीत करू द्यायच्या (कलम ५५ पर्यंत), त्या कशा शाबीत करायच्या (५६ ते १००), आणि पुरावा कुणी आणायचा, साक्षीदाराला कसं तपासायचं (१०१ ते १६७). नियमाखाली लगेच उदाहरण.

सगळ्यात मोलाची मला कलम ३ ची तिहेरी विभागणी वाटते : शाबीत, नाशाबीत आणि ‘शाबीत झालं नाही’. तिसरा कप्पा विसरला की चूक होते. आरोपी म्हणाला, मी त्या रात्री गावात नव्हतो. त्याचा पुरावा तोकडा पडला. याचा अर्थ तो गावात होता असं ठरलं, असा होत नाही. तो तिथे होता हे सरकार पक्षाला स्वतःच्या पुराव्यावर उभं करावंच लागतं.

दुसरं, कलम २७. ते मूळ १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेतलं. स्टीफननी ते पुरावा कायद्यात घेतलं, आता ते नव्या कलम २३ चं परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेला अपवाद, आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब बाद, पण त्यातून काही सापडलं तर तेवढाच भाग ग्राह्य. ‘घराच्या छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ हे चालतं. ‘त्याच सुऱ्यानं मी भोसकलं’ हे चालत नाही, कारण सापडलं ते लपवल्याचं ठिकाण आणि आरोपीला असलेली त्याची माहिती. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयानं, नेमकं हेच सांगितलं. म्हणून आधी पंचांसमोर निवेदन आरोपीच्याच शब्दांत, मग तो पुढे आणि पंच मागे, वस्तू त्यानं दाखवायची, सील जागेवर, लेबलावर सह्या. आता जप्तीचं चित्रीकरणही लागतं. प्रकरण ढासळतं ते ठरावीक ठिकाणी : जागा पोलिसांना आधीच ठाऊक असते, वस्तू कुणीही जाऊ शकेल अशा उघड्यावर मिळते, सील ठाण्यात परतल्यावर लागतं, किंवा पंच फितूर होतात आणि तपास अधिकाऱ्याची साक्षही त्रोटक असते. ही बंधनं कशासाठी, हे स्टीफनना नीट माहीत होतं. उन्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणं सोपं, असं हिंदुस्थानातल्या एका अनुभवी अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. आपल्या फौजदारी कायद्याच्या तीन खंडी इतिहासात (१८८३) त्यांनी ते नोंदवलं.

त्यांचं दुसरं देणं मात्र आपल्याला महाग पडलं. दंड संहितेत राजद्रोहाचं कलम १२४-अ १८७० मध्ये त्यांनीच घातलं. मेकॉलेनं केलेल्या संहितेच्या मूळ मसुद्यात ते होतं, १८६० च्या कायद्यात राहून गेलं होतं. १८९७ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्यातल्या ‘अप्रीती’चा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ इतका रुंद केला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सरकारी कामावरची टीका आणि द्रोह वेगळे, असं स्पष्टीकरण कलमात होतं. ते टिळकांच्या कामी आलं नाही.

चूक दाखवली तर ती मान्य करण्याची वृत्ती त्यांच्यात होती. संबद्धतेचं, म्हणजे कोणती गोष्ट खटल्याशी जोडलेली मानायची याचं, सगळं गणित त्यांनी कार्यकारणभावावर बसवलं होतं. मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधल्या जॉर्ज व्हिटवर्थ यांनी १८७५ च्या एका पुस्तिकेत त्यातल्या उणिवा दाखवल्या. स्टीफननी पुराव्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्या टीकेचा नावानिशी उल्लेख करून व्याख्या सुधारली.

इंग्लंडसाठीही त्यांनी फौजदारी संहितेचा मसुदा केला. तिथे तो कधीच मंजूर झाला नाही. कॅनडानं १८९२ च्या संहितेत त्याचा पाया घेतला.

१८७९ मध्ये ते इंग्लंडच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १८८५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी काम चालू राहिलं. ऑगस्ट १८८९ मध्ये लिव्हरपूलला फ्लॉरेन्स मेब्रिकवर नवऱ्याला आर्सेनिक हे विष देऊन मारल्याचा खटला चालला. माशा मारायचे आर्सेनिकचे कागद तिनं पाण्यात भिजत घातलेले सापडले होते. पण नवऱ्याला स्वतःलाच आर्सेनिक घ्यायची सवय होती, असा बचाव होता. ज्यूरीपुढे स्टीफन दोन दिवस बोलले, आणि त्यात तिच्या व्यभिचारावर फार भर दिला. काय संबद्ध आणि काय नाही हे ज्यानं अर्ध्या जगाला शिकवलं, त्याच्याच तोंडून हे घडलं, याची खंत वाटते. तिला फाशी सुनावली गेली, ती जन्मठेपेवर आली. पुराव्याचं फेरवजन करणारं फौजदारी अपील न्यायालय तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हतं. ते १९०७ च्या कायद्यानं आलं. स्टीफन १८९१ मध्ये पायउतार झाले, १८९४ मध्ये वारले. मेब्रिकबाई १९०४ मध्ये सुटल्या.