सरांची शेवटची वर्ड फाइल

विद्यापीठाच्या ग्रंथालयात रिपॉझिटरीचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे आपल्या प्राध्यापकांचे लेख सगळ्यांना मोफत वाचता यावेत म्हणून ऑनलाइन ठेवायचे. एका सोमवारी सकाळी काकू आल्या, सरांच्या पत्नी. सर जाऊन सहा महिने झाले होते. मला एमएला त्यांनीच शिकवलेलं, आठवडी बाजारांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. काकूंनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, अगं हे सगळं चढव, पोरांना फुकट वाचता यावं एवढीच त्यांची इच्छा होती.

आत २६ पीडीएफ. १७ मराठी, ९ इंग्रजी.

इंग्रजी उघडले तर सगळे बाहेरच्या जर्नल्सचे, पहिल्याच पानावर कॉपीराइट प्रकाशकाच्या नावावर. काकूंना सांगायचं कसं की सरांनीच लिहिलंय पण हक्क सरांचा नाही? त्यांना वाटलं मी टाळाटाळ करतेय. म्हणाल्या, अगं रात्र रात्र जागून लिहिलंय त्यांनी, पैसा एक नाही मिळाला त्याचा. खरंच आहे ते. पेपर स्वीकारला की प्रकाशक फॉर्म पाठवतो, नोकरीची, प्रमोशनची घाई असते, माणूस न वाचता सही करून मोकळा होतो. करारात मुदत लिहिली नसेल तर आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा ती ५ वर्षंच धरतो, पण या फॉर्मवर कॉपीराइटची अख्खी मुदत लिहिलेली असते, म्हणजे आपल्याकडे लेखक गेल्यावरही ६० वर्षं. मला याचा आजही राग येतो.

मराठी लेखांचं मात्र उलटं निघालं. ते छोट्या नियतकालिकांतले, सरांनी पोस्टाने पाठवलेले, मानधन कधी आलं कधी नाही. सरांनी करारांची आणि पत्रव्यवहाराची फाइल नीट ठेवलेली, काकूंनी ती आणलीच होती, त्यात या लेखांसाठी कुठेही हक्क लिहून दिलेला नव्हता. आणि कायद्याच्या कलम १९ नुसार लेखी आणि सही केलेला कागद असल्याशिवाय कॉपीराइट दुसऱ्याकडे जातच नाही. म्हणजे १७ च्या १७ लेख सरांचे, आता वारसांचे. काकू, मुलगा आणि परदेशातली मुलगी, तिघांच्या सह्या घेतल्या. सही करताना काकू थबकल्या, म्हणाल्या आता हे तुमच्या विद्यापीठाचं होणार का? नाही काकू, आम्ही फक्त ठेवायची आणि दाखवायची परवानगी घेतोय, मालकी तुमचीच राहते, उद्या पुस्तक काढायचं तर खुशाल काढा.

मग इंग्रजीकडे वळलो. कुठलं जर्नल लेखाची कुठली प्रत ठेवू देतं ते सांगणाऱ्या शेर्पा रोमिओ या साइटवर एकेक जर्नल तपासलं. छापलेली पीडीएफ कुणालाच चालत नव्हती पण ॲक्सेप्टेड मॅन्युस्क्रिप्ट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून झाल्यावर लेखकाने पाठवलेली शेवटची प्रत, प्रकाशकाने मांडणी करायच्या आधीची, ती सगळ्यांना चालत होती, काही ठिकाणी एम्बार्गो, म्हणजे लेख छापल्यावर थांबायची ठरलेली मुदत, संपल्यावर. ती प्रत सरांच्या इमेलमध्येच असणार. काकूंना पासवर्ड माहीत होता.

दुपारचे चार तास आम्ही दोघी सरांच्या सेंट आयटममध्ये होतो. स्वीकारल्याची मेल शोधायची, तिच्या आधीची शेवटची वर्ड फाइल काढायची, छापील पेपरशी ताडून बघायची. एकीत तज्ज्ञाने काढायला सांगितलेला तक्ता अजून तसाच होता, म्हणजे ती जुनी, पुन्हा शोध. काकू मधेच एखादी मेल वाचत बसायच्या, मी घाई केली नाही. सहा पेपर मिळाले, सहाही एम्बार्गोबाहेरचे. दोन नाहीच सापडले, त्यांची फक्त नोंद केली, सारांश नाही, नुसतं नाव आणि जर्नलची लिंक. स्वीकारल्याच्या दिवशीच ही वर्ड फाइल आमच्याकडे पाठवा म्हणून मी प्राध्यापकांच्या मागे का लागते ते याचसाठी.

राहिला नववा. तो सर गेल्यावर दोन महिन्यांनी छापून आला होता, सही त्यांनी हॉस्पिटलमधून केलेली. एम्बार्गो १८ महिने, त्यातले १४ बाकी. फाइल चढवली आणि कुलूप लावून तारीख टाकली. आमची रिपॉझिटरी डीस्पेस या सॉफ्टवेअरवर चालते, त्यात अशा फाइलशेजारी प्रत मागायचं बटण असतं, आमच्याकडे कुणी ते दाबलं की लेखकाला मेल जाते, आणि त्या प्रकाशकाच्या नियमात एकेकाला खासगीत पाठवायची मुभा होती. लेखकाच्या इमेलच्या रकान्यात काय टाकू विचारलं. काकू जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, माझा टाक, आणि मेलला फाइल कशी जोडतात ते तेवढं दाखवून ठेव.