फ्लाइंग विंग: ट्रान्समीटर एकदाचा ठरला

रिमोटवर उडणारं माझं शेपटी नसलेलं विमान, म्हणजे फोमची फ्लाइंग विंग, चिकटवून झाली, सर्वो (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसले, मोटर आणि तिचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीची जोडणीही पूर्ण झाली. काम अडलं होतं ते फक्त ट्रान्समीटरवर, म्हणजे हातातल्या रिमोटवर. विमानं मोडतात, बदलतात. ट्रान्समीटर मात्र वर्षानुवर्षं हातात राहतो. म्हणून बजेट कमी असलं तरी ही निवड मी घाईत करणार नव्हतो.

शेवटी दोनच नावं उरली: फ्लायस्काय एफएस-आय6 आणि रेडिओमास्टर पॉकेट.

किती चॅनेल (स्वतंत्र नियंत्रणं) हवेत, हे सगळे आधी विचारतात. माझ्या मते कमी बजेटमध्ये हा सर्वात कमी महत्त्वाचा मुद्दा. विंगला तीनच लागतात, दोन एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे पृष्ठभाग) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग). फ्लॅप असलेल्या साध्या विमानालाही सहा पुरतात.

खरा फरक गिंबलमध्ये, म्हणजे स्टिकच्या यंत्रणेत आहे. आय6 मध्ये पोटेन्शियोमीटर असतात. त्यांच्या पट्टीवर स्पर्शक घासत राहतो, कालांतराने झीज होते आणि स्टिक मध्यावर सोडली तरी सर्वो बारीक थरथरतो. पॉकेटमध्ये हॉल सेन्सर आहेत. चुंबकाची हालचाल स्पर्शाविना मोजली जाते, त्यामुळे तिथे घासायला काही नाही. विंग पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) फार संवेदनशील असते, म्हणून मध्यबिंदू स्थिर असणं मला चॅनेलच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट रिसीव्हरची, म्हणजे विमानात बसून ट्रान्समीटरचे संकेत घेणाऱ्या भागाची. ट्रान्समीटर एकदाच घ्यायचा, रिसीव्हर प्रत्येक मॉडेलला वेगळा. आय6 चा एएफएचडीएस 2ए हा प्रोटोकॉल फ्लायस्कायचा स्वतःचा आहे. पॉकेटच्या एका प्रकारात ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) हा मुक्त स्रोत प्रोटोकॉल असतो. त्याचे रिसीव्हर अनेक कंपन्या बनवतात आणि रेंजही उत्तम मिळते. शिवाय पॉकेटमधल्या एजटीएक्स या सॉफ्टवेअरमुळे यूएसबी केबल लावली की तोच ट्रान्समीटर सिम्युलेटरची जॉयस्टिक होतो. तरीही आय6 वाईट म्हणणार नाही. चार डबल-ए सेलवर चालतो, मेनू सोपा आहे, एलेव्हॉन मिक्सिंग (दोन नियंत्रणं एकाच पृष्ठभागावर एकत्र करणं) तयार मिळतं. मेनूत डोकं घालायचं नसेल त्याने तोच घ्यावा.

मी पॉकेट घेतला, ईएलआरएसचा, मोड 2 (थ्रॉटल डाव्या स्टिकवर). त्याला दोन 18650 सेल लागतात, ते वेगळे घ्यावे लागतात.

आता सेटअप. ईएलआरएसचे बरेचसे रिसीव्हर ड्रोनसाठी असतात, त्यांना थेट सर्वो जोडता येत नाहीत. विमानासाठी पीडब्ल्यूएम (सर्वोला समजणारा संकेत) आउटपुटचाच पाहून घ्या. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचं फर्मवेअर एकाच मुख्य आवृत्तीचं हवं. 2 आणि 3 एकमेकांशी बाइंड होत नाहीत, म्हणजे जोडलेच जात नाहीत. आणि नेहमीच्या स्विच मोडमध्ये पाचवा चॅनेल फक्त चालू-बंद अशा दोनच स्थिती पाठवतो. तो आर्म करण्यासाठी (मोटर सुरू होऊ देण्यासाठी) ठेवला आहे, त्यावर फ्लॅप देऊ नका.

एलेव्हॉनसाठी मिक्स पानावर दोन्ही चॅनेलमध्ये आयलरॉन (डावी-उजवी कलाटणी) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली) 50-50 टक्के घातले, एकीकडे आयलरॉनचं चिन्ह उलटं. मग विंगच्या मागे उभं राहून तपासलं: स्टिक मागे ओढली की दोन्ही पृष्ठभाग वर, उजवीकडे नेली की उजवा वर आणि डावा खाली.

फेलसेफ (सिग्नल तुटला तर काय व्हावं ते) रिसीव्हरच्या वायफाय पानावरून थ्रॉटल किमान आणि एलेव्हॉन मध्यावर असा ठेवला. मग प्रोपेलर काढून मोटर फिरवली आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबली. ही चाचणी प्रत्येक नव्या मॉडेलला करायचीच, ती टाळून उडवणं म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ.

पुढचं काम: सर्वात कमी पॉवरवर रेंज तपासणं, सीजी (गुरुत्वमध्य) पक्का करणं आणि मग हाताने फेकून ग्लाइड. एलिव्हेटरला 30 टक्के एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा प्रतिसाद सौम्य करणं) आणि एलेव्हॉनला थोडा वरचा रिफ्लेक्स (मागची कड किंचित वर) देऊन सुरुवात करतोय. विंग उडवणाऱ्यांनी आपापले आकडे जरूर कळवा.