जोंबांग: गुरू शोधायला गेलो, सोयरे सापडले

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या गुबेंग स्टेशनवरून जोंबांगला रेल्वेने दीडेक तास लागतो. तिथून दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर तबुइरेंग. हाशिम अश्अरी यांनी १८९९ मध्ये इथे पसांत्रेन, म्हणजे इस्लामी शिक्षणाची निवासी शाळा, काढली. पुढे १९२६ मध्ये 'नहदलातुल उलामा' ही इस्लामी विद्वानांची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या शिखरावर हेच होते. इथल्या विद्यार्थ्याला 'संत्री' म्हणतात. दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढे नागपूरच येत होतं.

माझी पहिली चूक म्हणजे गुरुवारी संध्याकाळी पोचलो. शुक्रवारच्या आदल्या रात्री कबरींच्या दर्शनाला बसच्या बस येतात आणि शुक्रवारी वर्गांना सुट्टी. म्हणजे गर्दी मिळाली, शिकवणं नाही. तुम्ही सोम ते बुध गाठा. ईदच्या आसपास तर मुलं घरीच जातात.

कबरी साध्या आहेत. आजोबा हाशिम, मुलगा वाहिद हाशिम (धर्ममंत्री झाले, १९५३ मध्ये अपघातात गेले) आणि नातू अब्दुर्रहमान वाहिद, १९९९ ते २००१ राष्ट्राध्यक्ष. लोक त्यांना 'गुस दुर'च म्हणतात. 'गुस' हे कियाईच्या, म्हणजे गुरुजींच्या, मुलाला लावायचं संबोधन. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते सुटलं नाही.

मी कागदावर वंशवेल काढायला बसलो आणि फसलो. ताम्बाकबरासचे वहाब हसबुल्ला आणि देनान्यारचे बिस्री शांसुरी हे दोघं हाशिम यांचे शिष्य. बिस्रींनी वहाबांच्या बहिणीशी लग्न केलं. बिस्रींची मुलगी वाहिद हाशिमना दिली, तीच गुस दुरची आई. म्हणजे शिष्य व्याही झाला! हाशिम, मग १९७१ पर्यंत वहाब, मग १९८० पर्यंत बिस्री: संघटनेचं सर्वोच्च पद या तिघांतच फिरलं. याला घराणेशाही म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण नुसत्या रक्तावर भागत नाही. हाशिम मक्केत महफूझ तर्मसींकडून बुखारीच्या हदीसग्रंथाची (हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं) 'इजाझा' घेऊन आले. ती गुरुमुखातून मिळालेली शिकवण्याची परवानगी. मदुरा बेटावरच्या बांकालानचे खलील हे त्यांचे आधीचे गुरू, तेच म्हातारपणी हाशिमकडे हदीस ऐकायला येऊन बसले, असं सांगतात.

मंगळवारी सकाळी वर्ग बघायला मिळाला. गुरुजी अरबी शब्द वाचून जावानीज भाषेत अर्थ सांगत होते. शेजारचा मुलगा प्रत्येक शब्दाखाली तो अर्थ बारीक, तिरका, अरबी लिपीतच टांगत होता. वाक्याच्या उद्देश्यापाशी छोटं 'मीम' हे अरबी अक्षर, विधेयापाशी 'ख'. पान संपलं तेव्हा छापील ओळींखाली पाऊस पडल्यासारखं दिसत होतं.

आत जायला आधी कार्यालयात विचारा. बायकांनी डोक्यावर ओढणी, पुरुषांनी पूर्ण पँट किंवा लुंगी. वर्गात फोटो काढायचा तर आधी परवानगी. इंग्रजीवर विसंबू नका, फोनमध्ये इंडोनेशियन भाषांतर उतरवून ठेवा. व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस. आकडा बघून दचकू नका. हाताशी एक दिवस असेल तर सुरामादू पुलावरून बांकालानला जा, खलील यांची कबर तिथे आहे. आणि देनान्यार, ताम्बाकबरास एकाच दिवशी करा, दोन्ही जोंबांगच्या जवळच आहेत. कागद मात्र मोठा न्या, माझा पुरला नाही.