डनिचचा मठ: आधी म्युझियम, मग भिंती

मे महिन्यात आम्ही दोघं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोकमधल्या डनिचला जाऊन आलो. आज मूठभर घरांचं गाव, पण मध्ययुगात गजबजलेलं बंदर. तिथे समुद्राच्या कड्यावर राखाडी कफनीतल्या फ्रान्सिस्कन साधूंचा पडका मठ आहे, ग्रेफ्रायर्स.

आम्ही आधी थेट मठातच गेलो, ते चुकलं. लांबलचक कोट, पश्चिमेला शेजारी शेजारी दोन कमानी, मोठी गाड्यांसाठी आणि छोटी माणसांसाठी, आत हिरवं कुरण आणि भोजनगृहाकडच्या पडक्या भिंती. मठाचं चर्च जमिनीवर उरलेलंच नाही. वीस मिनिटांत सगळं पाहून झालं.

मग गावातल्या छोट्याशा म्युझियममध्ये जुन्या शहराची प्रतिकृती पाहिली आणि पोटात गलबललं. हा मठ शहराच्या पार मागच्या, जमिनीकडच्या टोकाला होता! १२८६ च्या वादळानंतर साधू पहिली जागा सोडून इथे, आत आले. १३२८ च्या वादळात बंदराचं तोंड बुजलं. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला, तरी समुद्र पुढे येतच राहिला. ऑल सेंट्स चर्च १९०४ पासून कड्यावरून ढासळत गेलं, १९१९ मध्ये त्याचा मनोराही गेला.

आम्ही परत मठात गेलो. या वेळी भिंतीजवळ बराच वेळ थांबलो. चुन्यात बसवलेल्या मुठीएवढ्या गारगोट्या, बाहेरून पांढरट. फुटलेली बाजू मात्र काळी, काचेसारखी गुळगुळीत. आजोळी समुद्राने माडांची अख्खी रांग नेलेली मी पाहिली आहे. इथे समोरच्या पाण्याखाली रस्ते, बाजार, देवळं आहेत.

जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून रेल्वेने इप्सविच, तिथे गाडी बदलून डार्शम. पुढे आठ-नऊ किलोमीटर टॅक्सी. परतीचीही आधीच ठरवा, ऐन वेळी मिळणं कठीण. मठ पाहायला तिकीट नाही. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, वेळा पाहूनच निघा. किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, चपला नकोत, बूट घाला. कडा भुसभुशीत आहे: वर काठाशी जाऊ नका, खाली त्याला टेकून बसू नका, मुलांचा हात सोडू नका. वारा मे महिन्यातही बोचतो. सेंट जेम्स चर्चच्या आवारातही डोकवा, ऑल सेंट्सच्या भिंतीला टेकू देणारा एक दगडी धीरा वाचवून तिथे आणून उभा केला आहे.