तयार मिळतं, मग तारेचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जहाजाच्या मॉडेलसाठी पितळी फोटो-एच (आम्लाने कोरलेल्या पातळ पत्र्याचे) कठडे पाकिटात तयार मिळतात, आता थ्री-डी प्रिंटही निघतात, मग 1:700 च्या, म्हणजे खऱ्याच्या सातशेव्या हिश्श्याच्या, जुन्या विमानवाहू ‘विक्रांत’वर तारेचे कठडे हाताने कशाला?

जाडीसाठी. मीटरभर उंचीचा कठडा या प्रमाणात 1.4 मिमी होतो. एचचा पत्रा साधारण 0.1 मिमीचा, म्हणजे खऱ्या जहाजावर 7 सेंटिमीटर. तिथल्या आडव्या तारा बोटाएवढ्याही जाड नसतात. शिवाय पत्रा चपटा, त्याला गोलाई येत नाही. आणि थ्री-डी प्रिंटचे रेझिनचे एवढे बारीक खांब छपाईपुरते दिलेले आधार (सपोर्ट) तोडतानाच मोडतात.

माझी तार 47 गेजची, 0.05 मिमी, एनॅमल चढवलेली तांब्याची. प्रमाणात तीही साडेतीन सेंटिमीटर भरते. म्हणजे मीही खोटंच करतो, फक्त निम्मं. असो.

तार रिळावरून निघते ती वाकडीच. एक टोक बांधून दुसऱ्याला दहा रुपयांची तीन नाणी चिकटवायची, साधारण 23 ग्रॅम. तेवढ्या ओढीने ती किंचित लांबते आणि सरळ होते. चाळीस ग्रॅमच्या पुढे वजन गेलं की तुटते.

तारा जागेवर धरायला जिग लागतो. जिग म्हणजे लाकडी पट्टीवर 6 सेंटिमीटर अंतराने आडवे बसवलेले दोन एम-3 (3 मिमी जाडीचे) बोल्ट. त्यांच्या आट्यांत 0.5 मिमीचं अंतर, म्हणजे जहाजावर 35 सेंटिमीटर. शेजारशेजारच्या तीन आट्यांतून तीन तारा घेतल्या की वरची बरोबर 105 सेंटिमीटरला येते, कारण डेकची पातळी चौथ्या आटीवर धरायची. (शिडीला एम-2 चा बोल्ट: 0.4 मिमी, पायऱ्या 28 सेंटिमीटरवर.) खाली मिलिमीटरचा आलेखकागद ठेवायचा आणि दर 2 मिमीला 44 गेजच्या, जराशा जाड तारेचा खांब या तारांवर आडवा टाकायचा. खांब चौथ्या आटीच्याही खाली मिलिमीटरभर सोडायचे, बसवताना तेच पाय होतात.

आता सांधा. इथेच बहुतेकांचं काम फसतं. फेविक्विक टाकलं की ते केशाकर्षणाने दोन तारांच्या मधल्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पसरतं आणि कठड्याची भिंत होते. पावसाळ्यात तर त्याच्या वाफेने शेजारच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. म्हणून पारदर्शक नेलपॉलिश ऍसिटोनने पातळ करायचं, तीन शून्यांच्या (अगदी बारीक) ब्रशचं टोक फक्त बुडवायचं, कागदावर टिपायचं आणि मग सांध्याला टेकवायचं. एका टेकवण्याला एकच सांधा. दोन सांध्यांवर एकदम हात फिरवला की तिसरा भरलाच म्हणून समजा. रात्रभर वाळू द्या, कारण ओलं ऍसिटोन मॉडेलच्या प्लास्टिकला, पॉलिस्टायरिनला, लागलं तर डेक विरघळतो. वाळल्यावर जिगवरच एअरब्रशने रंगाचा एक पातळ हात. ब्रशने रंगवलंत तर दोन्ही बाजूंना 0.02 चढतं आणि 0.05 ची तार 0.09 होते. मग पत्र्यानेच काय घोडं मारलं होतं?

बसवायला पाणी घातलेला फेविकॉल. चुकलं तर ओल्या ब्रशने निघतो. तुकडा 5 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका. आधी मधला खांब, तो धरला की टोकं. वळणावर कठडा आधी पेन्सिलीवर वाकवून घ्या, जागेवर वाकवला तर सांधे सुटतात.

पूर्वी मी म्हणायचो की 1:700 ला कठडा लावूच नये. साडेतीस सेंटिमीटरच्या जहाजावर डोळ्याला तो दिसत नाही, तो आहे असं फक्त वाटतं. ते म्हणणं अजूनही खोडता आलेलं नाही. हातभर अंतरावरून तारेचा आणि पत्र्याचा फरक ओळखणारेही थोडेच. पण भिंगातून काढलेल्या फोटोत पत्रा लगेच उघडा पडतो, आणि हल्ली मॉडेल बघतात फोटोतच.

आणि ज्यांना हा सगळा उपद्व्याप नको, त्यांनी पत्रा लावावा, पण निदान जागा तरी बरोबर निवडावी. उड्डाणाच्या डेकला कडेने कठडा नसतो. तो डेकखालच्या बाजूच्या गॅलऱ्यांना असतो. 1971 ची ‘विक्रांत’ करत असाल तर पुढचा स्की-जंपही (विमान उडवायचा वर वळलेला उतार) काढा. तो सी हॅरियर विमानं आल्यानंतरचा. मुंबईत संग्रहालय असतानाच्या फोटोंवरून माप घेणारे तो हमखास ठेवतात आणि त्याच डेकवर 1971 ची सी हॉक विमानं उभी करतात.